डावीकडच्या तीन सोंगट्या

“तुम्हाला स्ट्रोक झालाय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी म्हणालो, “नक्की ना? कारण मी बायकोला अ‍ॅसिडिटी म्हणून सांगून बसलोय.”

डब्लिनमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत, पडद्याच्या आड, मी हा विनोद केला. कुणीही हसलं नाही. माझी बायको मृणाल माझ्या डाव्या हाताला धरून उभी होती, असं तिने नंतर सांगितलं. मला तो हात धरलेला कळला नव्हता.

स्ट्रोक म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक थांबणं. माझ्या मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी अडकली होती, आणि मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू सांभाळते. शनिवारी सकाळी डब्लिनच्या सिटीवेस्ट या उपनगरातल्या आमच्या घरी चहाचा कप हातातून निसटला, तेव्हा मी कपाला शिव्या घातल्या. मृणाल म्हणाली, “हसून दाखव.” मी दिलखुलास हसलो. त्यातलं अर्धंच तोंडावर आलं. तिने दहा मिनिटं माझं अ‍ॅसिडिटीपुराण ऐकलं आणि मला न विचारता अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. वाचणाऱ्यांनो, तुम्ही ती दहा मिनिटंही घालवू नका. तोंड वाकडं, हात लुळा किंवा जीभ जड, यातलं एक दिसलं तरी फोन उचला.

गुठळी विरघळवणारं औषध वेळेत मिळालं. हात चार दिवसांत परत हलायला लागला, बोलणं तर थांबलंच नव्हतं. मी एक्कावन्न वर्षांचा, सॉफ्टवेअरमधला माणूस. शेजारच्या कॉटवर पश्चिम आयर्लंडमधल्या मेयोकडचे एक शेतकरी आजोबा होते, त्यांना मी दुसऱ्याच दिवसापासून किस्से सांगायला लागलो. ते दर किस्स्याला “ग्रँड, ग्रँड”, म्हणजे ‘छान, छान’, म्हणत आणि झोपून जात. मला वाटलं, मी सुटलो.

आता माझ्या संतापाची गोष्ट सुरू होते.

सहाव्या दिवशी ऑर्ला आली. ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणारी. तिने मला एक कागद दिला. त्यावर छोटे-मोठे तारे छापलेले होते आणि छोट्या ताऱ्यांवर रेघ मारायची होती. मी मारल्या. झालं म्हणालो. तिने विचारलं, “सगळे?” मी म्हणालो, “मोजून घ्या.” तिने काहीतरी लिहिलं. मग एक आडवी रेघ देऊन मध्यावर खूण करायला सांगितली. मी केली. तिने परत काहीतरी लिहिलं. मला शाळेतला तोंडी परीक्षेचा मास्तर आठवला.

दुसऱ्या दिवशी ती हसतमुखाने म्हणाली, “लहानपणी घरी काय खेळायचात? तेच खेळू या.”

काय प्रश्न विचारलात बाई! मी उठून बसलो. जेवणाच्या मेनूचा कागद उलटा केला, पाच आडवी, पाच उभी अशी पंचवीस घरं आखली, चारी बाजूंच्या मधल्या घरांत आणि मध्यभागी फुल्या मारल्या. मृणालने आणलेल्या पिस्त्यांची चार टरफलं कवड्यांच्या जागी घेतली. ऑर्लाने बटणांची डबी आणली, त्या सोंगट्या. अष्टा चंग!

ज्यांनी खेळला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. चार कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितकी घरं पुढे. चारी उताण्या म्हणजे चंग, चारी पालथ्या म्हणजे अष्टा, आठ घरं. प्रत्येकाच्या चार सोंगट्या. बाहेरच्या रांगेतून पूर्ण फेरी मारायची, मग आतल्या रांगेत शिरायचं, मग मध्ये पोचायचं. दुसऱ्याची सोंगटी आहे त्या घरात आपली पडली की ती मेली, परत पहिल्यापासून. आणि खरी गंमत ही की दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरायला मिळत नाही. त्याला तोड म्हणतात. भल्या माणसाला हा खेळ जिंकताच येत नाही.

आमच्या अकोल्याच्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी फरशीवर खडूने पट आखलेला असायचा. बाबा, ताई, मी आणि आई. झब्बू, नाव-गाव-फळ-फूल, सागरगोटे सगळं व्हायचं, पण राज्य अष्टा-चंगाचं. इतर घरांत लहान भावंडाला कच्चा लिंबू ठेवतात, त्याला मारत नाहीत, त्याचं मोजत नाहीत. आमच्या घरी ती सोय नव्हती. मी पाच वर्षांचा असताना आईने एका डावात माझी एकच सोंगटी चार वेळा मारली. मी भोकाड पसरलं. ती म्हणाली, “रडून घे. मंग खेळ.” आणि मी रडत असताना तिने स्वतःचा पुढचा डाव टाकून घेतला.

हे सगळं मी ऑर्लाला रंगवून सांगितलं. आईचा आवाज काढून, हातवारे करून. मेयोचे आजोबासुद्धा जागे राहिले. आम्ही दोन डाव खेळलो, दोन्ही मी हरलो. नवशिक्याचं नशीब, असं म्हणून मी तिला मोठ्या मनाने माफ केलं.

तिसऱ्या दिवशी राउंडवर मोठे डॉक्टर आले आणि तिचा रिपोर्ट बघून म्हणाले, “तुम्हाला लेफ्ट निग्लेक्ट आहे. डोळे ठीक आहेत, पण डाव्या बाजूला जे आहे त्याची मेंदू दखलच घेत नाही. सध्या गाडी चालवायची नाही. सहा आठवड्यांनी क्लिनिकमध्ये बघू.”

मी रिपोर्ट मागितला. त्यात ताऱ्यांचं होतं, रेघेचं होतं आणि एक वाक्य होतं: खेळाच्या मध्येच रुग्ण दिशा विसरून उलट जाऊ लागतो.

उलट! अहो, बाहेरच्या रांगेत उजवीकडून फिरायचं आणि आत शिरलं की दिशा बदलायची, हा खेळाचा नियमच आहे! अकोल्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मी ऑर्लाला हा नियम सांगितला होता का? नव्हता. किस्से सांगण्याच्या नादात राहून गेला होता. पण ते मी तेव्हा कबूल केलं नाही. मला आयता पुरावा सापडला होता. एक वाक्य चूक, म्हणून अख्खा रिपोर्ट चूक.

घरी आल्यावर मी या अन्यायाचा प्रयोग लावला. सिटीवेस्टमधली आपली मंडळी डबे घेऊन भेटायला येत. मी सोफ्यावर बसून, पट मांडून, ऑर्लाच्या उच्चारात ‘उलट गेलात’ म्हणून दाखवायचो. लोक पोट धरून हसायचे. “अरे, यांना काय कळणार अष्टा चंग!” “तू तक्रार कर रे!” नागपूरचा एक मित्र तर म्हणाला, “भाऊ, आपल्या खेळावरून आपल्याला येडं ठरवतात म्हणजे काय?” सगळे माझ्या बाजूचे. एकानेही ताऱ्यांच्या कागदाबद्दल विचारलं नाही. विचारलं असतं तर मी त्याला डब्यासकट परत पाठवलं असतं.

गाडी हा माझ्यासाठी साधा प्रश्न नव्हता. माझी मुलगी ईरा चौदा वर्षांची आहे. ती कमोगी खेळते, म्हणजे हातात काठी घेऊन मुली एकमेकींच्या अंगावर धावतात तो इथला खेळ. आठवड्यातून तीनदा सरावाला तिला मी न्यायचो. घरात ती मोबाइलमध्ये असते, पण गाडीत वीस मिनिटं ती माझी असते. ती वीस मिनिटं माझ्याकडून काढून घेतली होती. मृणालला मी दिवसातून चारदा बजावत होतो, “क्लिनिकमध्ये तू सांगायचंस, घरी काहीही अडचण नाही. तुझ्या शब्दावर आहे सगळं.” ती “हो रे” म्हणायची.

आणि पुरावा रोज माझ्या बाजूने जमत होता. आम्ही रोज संध्याकाळी तिघं अष्टा चंग खेळायचो. पहिले दोन दिवस सोडले तर मी रोज जिंकायचो.

इथे माझ्या मनात पहिली शंका यायला हवी होती. ईरा ही पोरगी बिस्किटाच्या शेवटच्या तुकड्यासाठी सख्ख्या बापाला ढकलणारी. ती मला तोड मिळावी म्हणून स्वतःची सोंगटी माझ्यापुढे आणून ठेवायची. “अरे, ही कशाला हलवलीस?” असं विचारलं की म्हणायची, “ओह नो, बाबा. यू गॉट मी.” इतका वाईट अभिनय मी गणेशोत्सवातसुद्धा पाहिलेला नाही. मला कळत होतं की ही मंडळी मला कच्चा लिंबू करताहेत. राग यायचा. पण जिंकायलाही आवडायचं, हे खरं सांगतो.

घरातली दारं मला डाव्या खांद्यावर लागायची. मी म्हणायचो, आयरिश बिल्डर, अरुंद दारं. दाढी अर्धीच व्हायची. मी म्हणायचो, बाथरूममध्ये उजेड कमी.

पाचव्या आठवड्यात आई आली. वय अठ्ठ्याहत्तर. अकोल्याहून मुंबई, तिथून एक विमान बदलून डब्लिन. दारातच तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, “दाढी अर्धी कायले केली? जत्रेत नाचाले जातू का?”

दुसऱ्या दिवशी दुपारी मृणाल ऑफिसला आणि ईरा शाळेत. आईने पट मागितला. कपाटातून, म्हणजे इथल्या भाषेत प्रेसमधून, मी पुठ्ठा काढला. ती समोर बसली. मी तिला ऑर्लाचा प्रयोग करून दाखवला. ती हसली नाही. “टाक कवड्या,” म्हणाली.

पहिला डाव मी हरलो. दुसरा हरलो. तिसऱ्यात माझ्या सोंगट्या पटावरून गायब व्हायला लागल्या. उजवीकडून निघायच्या, वरच्या रांगेतून पुढे जायच्या आणि थोड्या वेळाने बघावं तर नाहीशा. मी पुठ्ठ्यावर हात आपटला.

“आई, तू सोंगट्या चोरतेस!”

“मी?”

“मग कुठे जातात? माझ्या चारांतली ही एकच दिसतेय. मी लहान असतानाही तू असंच करायचीस. मी आजारी आहे, जरा तरी लाज…”

“आजारी हायेस म्हून मी आली. खेळाले सूट द्याले नाई आली. चोरली म्हंतो? बरं. कुठं हायेत तुह्या बाकीच्या तीन सोंगट्या, सांग.”

“मेल्या. तुझ्याकडे आहेत.”

तिने दोन्ही तळहात उघडून दाखवले. रिकामे. मांडीवरचा पदर झटकला. मग पुठ्ठ्याचे कोपरे धरले आणि काहीही न हलवता, सावकाश, अख्खा पट अर्धा फिरवला.

उजव्या बाजूला तीन सोंगट्या होत्या. माझ्या. निळी बटणं. एकाखाली एक.

मी विचारलं, “या कुठून आल्या?”

“तिथंच होत्या. घंटाभर झाला. तुह्या डाव्या हाताकडं. मी वाट पाह्यत होती, आता हलवंल, मंग हलवंल. तू पाह्यतच नाई तिकडे. पैल्या दोन डावांत तिकडच्याच म्या मारल्या, ह्या बारी ठेवल्या.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “बावा, तुले तिकडचं दिसतच नाई का रे?”

मला एकच चित्र दिसत होतं. आयर्लंडमध्ये गाडी रस्त्याच्या डावीकडून जाते. सायकलवाले, फूटपाथ, शाळेतून सुटलेली पोरं सगळी डावीकडे. चालवणारा उजवीकडे बसतो. आणि त्याच्या डाव्या हाताला ईरा बसते.

चार दिवसांनी क्लिनिक होतं.

संध्याकाळी मृणाल घरी आली तेव्हा मी पेटलेला होतो. “इतके आठवडे मी जिंकत कसा होतो? माझ्या डावीकडच्या सोंगट्या कोण हलवत होतं?”

ती कोटही न काढता खुर्चीत बसली. “मी. तू विसरलास की मी हळूच पुढे सरकवायचे.”

“का?”

“हरलास की तू जेवत नव्हतास! हॉस्पिटलमधून आल्यावर पहिले दोन दिवस आठव. तोंड पाडून बसायचास. मला नाही बघवायचं.”

“आणि जेवताना?”

ती कोटाची बटणं काढायला लागली. ईरा जिन्यावरून म्हणाली, “ममा टर्न्स युअर प्लेट, बाबा. हाफवे. एव्हरी डे.”

माझं ताट ती रोज जेवणाच्या मध्यात फिरवत होती. डावीकडची भाजी, कोशिंबीर मी सोडून द्यायचो, मग ती पाणी द्यायच्या निमित्ताने उठून ताट फिरवायची आणि मी म्हणायचो, “अरे वा, अजून भाजी वाढलीस?”

मी ओरडलो. खूप ओरडलो. मला कुक्कुलं बाळ समजलात, मला गाडीत बसवून दिलं असतंत, पोरीला माझ्या शेजारी बसवलं असतंत. मृणाल उठली आणि तिनेही आवाज चढवला. “आणि तू? रिपोर्टवर लिहिलेलं होतं! तारे अर्धे राहिले, लिहिलं होतं! तू गावभर नाटक करत फिरलास, आणि मी तोंड उघडलं की म्हणायचास, तू पण त्यांच्यातलीच. कोणत्या तोंडाने सांगणार होते मी?”

तिचं खरं होतं. त्यामुळे मी आणखी ओरडलो. आई मधेच म्हणाली, “दोघंबी चूप. पोरगी पाह्यते.” ईरा रडत नव्हती. ती पुठ्ठ्याकडे बघत होती. “आय लेट यू विन टू,” ती म्हणाली. “सॉरी.”

क्लिनिकला आम्ही बसने गेलो. वेटिंग रूममध्ये सव्वादोन तास बसलो. मी आत जाऊन ऑर्लाला सगळं सांगितलं, पटासकट. दिशेचा नियम मी सांगितलाच नव्हता, हेही सांगितलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, “ते वाक्य मी चुकीचं लिहिलं. मी विचारायला हवं होतं.” मग तिने हसू आवरत विचारलं, “पण बाकीचं?” बाकीचं बरोबर होतं. तिची एक चूक होती आणि ती मी ढालीसारखी पाच आठवडे छातीशी धरली होती.

उपचार अगदी साधे निघाले, आणि फार कंटाळवाणे. व्हिज्युअल स्कॅनिंग म्हणतात, म्हणजे नजर मुद्दाम डाव्या टोकापर्यंत नेण्याची सवय लावणं. पुस्तकाच्या, ताटाच्या, पटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी. ती दिसेपर्यंत मान वळवायची, मगच सुरुवात. दिवसाला शेकडो वेळा. पहिला महिना मला त्या लाल रंगाचा इतका तिटकारा आला की मी टोमॅटो खाणं सोडलं. आई तीन महिने राहिली आणि रोज मला हरवलं. मी सोंगटी विसरलो की सांगायची नाही, मारायची. दुसऱ्या महिन्यात ती कमी वेळा मारायला लागली. ऑर्लाच्या ताऱ्यांपेक्षा मला हा आकडा जास्त खरा वाटायचा.

हे मी कुणासाठी लिहितोय? तुमच्या घरात कुणी स्ट्रोकमधून उठलं असेल तर तुमच्यासाठी. त्याचं ताट फिरवू नका. त्याच्या सोंगट्या सरकवू नका. त्याला हरवा. हरला तर तो चिडेल, तुम्हाला नाही नाही ते बोलेल, जेवणार नाही. चिडू द्या. तुम्ही त्याला जिंकवून देता तेव्हा त्याचा आजार तुम्ही लपवता, आणि सगळ्यांत आधी त्याच्यापासूनच. आणि तुम्ही स्वतः पेशंट असाल तर रिपोर्टमधली चूक जरूर दाखवा. पण ती दाखवून झाल्यावर बाकीच्या ओळीही वाचा. ज्यांनी माझ्यावर माया केली त्यांच्यावर मी आजही थोडा चिडलेला आहे. ज्या बाईने अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दोन विमानं करून येऊन मला निर्दयपणे हरवलं, तिचे उपकार मात्र मी फेडू शकत नाही. आणि मृणालने त्या शनिवारी न विचारता केलेल्या फोनचेही नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि मी त्यात ताळमेळ लावायचं सोडून दिलंय.

गाडीची परवानगी अजून मिळालेली नाही. पुढची परीक्षा प्रत्यक्ष रस्त्यावर, शेजारी परीक्षक बसवून असेल. तोवर ईरा आणि मी सरावाला लुआसच्या, म्हणजे इथल्या ट्रामच्या, रेड लाइनने आणि मग चालत जातो. ती माझ्या डावीकडून चालते, मुद्दाम. मी तिच्याकडे बघतोय का, हे तपासायला मध्येच जीभ काढून दाखवते.

गेल्या रविवारी आम्ही दोघं अष्टा चंग खेळलो. लाल पट्टी काढून टाकली होती. माझी एक सोंगटी डाव्या रांगेत होती, आत शिरायला दोन घरं बाकी. मला ती दिसत होती. तिच्या मागे तीन घरांवर ईराची सोंगटी होती, तीही दिसत होती. ईराने टरफलं टाकली. तीन उताणी. तिने माझ्याकडे पाहिलं, क्षणभर थांबली, आणि मग एक, दोन, तीन मोजत येऊन माझी सोंगटी पटाबाहेर उडवली.

“डेड, बाबा,” ती म्हणाली. “सॉरी नॉट सॉरी.”

मी तिच्यावर पाच मिनिटं बोंबललो. शेजारचे बागेत आले. ती हसत सुटली आणि तिने टरफलं माझ्यापुढे सरकवली. मी ती उचलली, अजून ओरडतच, आणि टाकली.